तीनशेचे साडेचारशे

भंडाऱ्यातून निघून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. आमच्या घरी त्या दिवशी पेढे आले, मोठेबाबांनी राईस मिलच्या हमालांना चहा पाजला, आणि आता सरकारी कामाला भंडाऱ्याची वारी करावी लागणार नाही, या आनंदात घरातली वडील मंडळी रात्रीपर्यंत बोलत बसली. माझे मात्र त्या बोलण्याकडे लक्ष नव्हते. मिलच्या कचेरीतला नवा संगणक त्या एका दिवसात तीन वेळा आपोआप बंद पडला होता, आणि त्याचे कारण साऱ्या घरात फक्त मला ठाऊक होते.

ते कारण म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा चिकटपट्टीचा एक तुकडा. तो मीच तेथे लावला होता. एवढ्याशा तुकड्याने संगणक कसा बंद पडतो, आणि मुळात तो लावण्याची बुद्धी मला का व्हावी, हे सांगावयाचे तर थोडे मागे जावे लागेल. आणि मागे म्हणजे गोंदियाहून बरेच दूर.

संगणकाच्या पोटात एक लहानसा स्फटिक असतो, गारेच्या जातीचा. त्याला वीज दिली की तो ठरावीक वेगाने थरथरू लागतो. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात असतो तोच हा. घड्याळातला सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. संगणकातला कोट्यवधी वेळा. हे ठोके म्हणजे जणू हलगी, आणि यंत्रातले लक्षावधी सूक्ष्म भाग म्हणजे लेझीम खेळणारी पोरे. हलगीचा एक ठोका पडला की प्रत्येकाने एक पाऊल टाकावयाचे, आणि पुढचा ठोका पडण्याच्या आत आपल्या जागी जाऊन उभे राहावयाचे. हलगी जलद वाजविली की खेळ जलद होतो. ती इतकी जलद वाजविली की एखाद्या पोराला जागेवर पोहोचताच येईना, तर मात्र सारा फड विसकटतो. कारखानदार यंत्रावर वेगाचा एक आकडा छापून देतो. त्या आकड्याच्या पुढे हलगी वाजविणे, यालाच इंग्रजीत ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आपण त्याला घड्याळ रेटणे म्हणू.

हा छापील आकडा काही ब्रह्मलिखित नव्हे. त्याची कुळकथा पाहिली तर मौज वाटते. आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर विकावयास काढला, त्याचा वेग ४.७७ मेगाहर्टझ होता; म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके. हा विचित्र आकडा आला कोठून? अमेरिकेतल्या रंगीत टेलिव्हिजनसाठी जी लहर लागते तिच्या चौपट वेगाचे, १४.३१८१८ मेगाहर्टझचे स्फटिक तेथे सहज आणि स्वस्त मिळत. इंजिनीयरांनी तोच स्फटिक घेतला आणि त्याला तिनाने भागले, झाले ४.७७! आतला ८०८८ हा प्रोसेसर पाचापर्यंत धावावयास तयार होता, पण टेलिव्हिजनच्या सोयीसाठी त्याला थोडा मागे ओढून धरले. जगभर पसरलेल्या या यंत्राचा वेग निसर्गाने ठरविला नव्हता, बाजारातल्या स्वस्त मालाने ठरविला होता.

तीन वर्षांनी, १९८४ साली, त्याच कंपनीचे एटी नावाचे पुढचे यंत्र आले. त्याचा वेग होता ६ मेगाहर्टझ. त्यात १२ मेगाहर्टझचा स्फटिक बसविलेला असे आणि यंत्र त्याचा निम्मा करून घेई. हा स्फटिक डाक लावून पक्का केलेला नव्हता. खाचेत नुसता खोचलेला होता. चौकस माणसाच्या हाताला एवढी सवड पुरे. लोकांनी तो उपटून तेथे १६ चा स्फटिक खोचला, आणि सहाचे यंत्र आठाने धावू लागले. खर्च काही डॉलरांचा, काम पाच मिनिटांचे. कंपनीला हे रुचले नाही. पुढे १९८६ साली तिने स्वतःच आठाचे यंत्र काढले, तेव्हा त्यात अशी योजना करून ठेवली की सुरू होतानाच यंत्राने आपली नाडी तपासावी आणि ठोके जास्त पडत असतील तर कामच नाकारावे. हे सोडविणारे आणि ते बांधणारे, असा जो डाव तेव्हा सुरू झाला तो पुढे वीस वर्षे चालला.

त्याच सुमारास संगणकाच्या पेटीवर टर्बो नावाचे एक बटण येऊ लागले. ज्यांनी ते पाहिले असेल त्यांचा समज असाच असेल की ते दाबले की यंत्राच्या अंगात वारे भरते. खरा प्रकार उलटा होता. जुने खेळ ४.७७ चा ठोका धरून लिहिलेले. नव्या यंत्रावर ते इतक्या झपाट्याने संपत की खेळणाऱ्याला हात हलवावयासही वेळ मिळू नये. तेव्हा यंत्राला मुद्दाम मंद करण्याची सोय लागली, ती या बटणाने केली. म्हणजे नाव टर्बोचे आणि उपयोग ब्रेकचा. व्यापाऱ्याने नाव ठेवले की असे व्हावयाचेच.

नावावरून आठवले. धानपट्ट्यात एचएमटी तांदूळ कोणाला सांगावयास नको. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड नावाच्या खेड्यातील दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने आपल्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या काही लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे जपून हे वाण तयार केले. आणि त्याला नाव मिळाले ते त्या काळी साऱ्या देशाच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचे. घड्याळाच्या नावाचा तांदूळ भरडणाऱ्या मिलमधल्या पोराने पुढे संगणकाचे घड्याळ रेटावे, हा योगायोग गमतीचा खरा.

आता प्रश्न असा की कारखान्याने तीनशेचा म्हणून विकलेला प्रोसेसर साडेचारशेने धावतो तरी कसा? याचे उत्तर राईस मिलवाल्याला चटकन समजेल. एकाच गंजीतला धान भरडला तरी त्यातून अख्खा दाणा निघतो, अर्धा निघतो आणि कनकीही निघते. चाळणीवर त्यांची प्रतवारी होते आणि पोत्यावर वेगवेगळे शिक्के पडतात. प्रोसेसरचेही तसेच. एकाच चकतीतून शेकडो तुकडे कापले जातात, त्यांची परीक्षा होते, आणि जो जितका झेपतो तितका आकडा त्याच्यावर छापला जातो. पण एखाद्या हंगामात सगळाच दाणा अख्खा निघाला, आणि गिऱ्हाईक तर स्वस्त मालच मागत आहे, असे झाले तर? मग शहाणा व्यापारी चांगलाच दाणा हलक्या पोत्यात भरतो.

१९९८ साली इंटेल कंपनीवर नेमकी हीच पाळी आली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तिने सेलेरॉन नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला होता. त्याच्याजवळ हाताशी ठेवावयाची स्मृती, जिला कॅश म्हणतात, ती प्रोसेसरच्या बाहेरची मुळीच नव्हती, आणि जाणकारांनी त्याची यथेच्छ टर उडविली. ही चूक सुधारण्यासाठी ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए आला. यात १२८ किलोबाइटची कॅश प्रोसेसरच्याच तुकड्यावर, त्याच्याच वेगाने चालणारी. महागड्या पेन्टियम टूची कॅश मोठी खरी, पण निम्म्या वेगाची. धाकट्या भावाला स्वस्त म्हणून जे दिले ते थोरल्याहून सरस निघाले. आणि त्यावर आणखी मौज ही की तीनशेचा हा धाकटा, जवळजवळ कोणाच्याही हातात, कुरकुर न करता साडेचारशेने धावे. त्याची किंमत १५० डॉलरच्या आत, आणि त्याच महिन्यात निघालेल्या ४५० च्या पेन्टियम टूची ६५० हून अधिक. जगभरच्या कॉलेजकुमारांना वेड लागले नसते तरच नवल!

हे वेड आमच्या गावी आणले ते नागपुरास अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या मावसभावाने. १९९९ च्या जानेवारीत मिलच्या हिशेबासाठी नागपूरहून संगणक आणला होता. धाकट्या काकांचा हट्ट. मोठेबाबांचा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. त्यांची रोजमेळाची वही पूर्वीसारखीच चालू राहिली. फेब्रुवारीत मावसभाऊ आला, त्याने पेटी उघडली, आणि आतल्या प्रोसेसरवरचे नाव वाचून तो हर्षाने ओरडलाच.

आमच्या यंत्रात वेग बदलण्याची काहीही सोय नव्हती. ते कचेरीत पत्रे लिहिण्यासाठी आणि बेरजा करण्यासाठी केलेले. प्रोसेसर आपण होऊन सांगणार, मला ६६ चा ठोका पाहिजे. मदरबोर्ड तो मुकाट्याने देणार, आणि प्रोसेसर आतल्या आत त्याची साडेचारपट करून घेणार. ६६ आणि कसर गुणिले साडेचार, म्हणजे ३००. ही साडेचारपट कारखान्यातच कायमची बांधून टाकलेली. तिला हात लावता येत नाही. पण ६६ च्या जागी १०० चा ठोका मिळाला तर? साडेचारशे! प्रोसेसरची पट्टी मदरबोर्डाच्या खाचेत ज्या सोनेरी टोकांनी बसते, त्यांतले बी-२१ नावाचे एक टोक ही ६६ ची मागणी पोहोचवीत असे. ते टोक झाकले की निरोप पोहोचत नाही, आणि मदरबोर्ड समजतो, पाहुणा शंभरवाला आहे. कोणी त्यावर नखांचे पॉलिश लावी, कोणी चिकटपट्टी. आम्ही चिकटपट्टी लावली. पट्टी पुन्हा खाचेत बसविली, कळ दाबली, आणि काळ्या पडद्यावर ४५० हा आकडा उमटला. एखाद्या गायीने वासरू दिल्यावर घरधनी जसा तिच्याकडे पाहतो, तसे आम्ही दोघे त्या पडद्याकडे पाहत राहिलो.

मोठेबाबांना मी हे अभिमानाने सांगितले. ते चौथी शिकलेले. पण आयुष्य मोटरी, पट्टे आणि हलर यांच्यात गेलेले. माझे सारे निरूपण त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मोटरची पुली मोठी केली म्हण ना?"

साडेचारपटीचे इतके अचूक वर्णन मी नंतर कोणत्याही पुस्तकात वाचले नाही. मोटर तीच, हलर तोच. मधली पुली मोठी बसविली की हलर जास्त फेरे घेतो. तरुणपणी त्यांनी स्वतः एका हंगामात हा उद्योग केला होता. "धान लवकर उरकला," ते म्हणाले, "पण तांदूळ गरम निघे, अन् कनकी वाढली. आपला फायदा कनकीत गेला." मग थोडे थांबून, "तुझ्या ह्या मशीनची कनकी कुठून निघते रे?"

मी हसलो. या यंत्रात कनकी नसते, असे काहीतरी उत्तर दिल्याचे आठवते.

थंडी होती तोवर सर्व ठीक चालले. आता उष्णतेचा हिशेब पाहावा. ठोके दीडपट झाले की उष्णताही सुमारे दीडपट होते. आणि वेग साधावा म्हणून विजेचा दाबही वाढविला तर ती त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात आणखी चढते. आमच्या मदरबोर्डात दाब वाढविण्याची सोयच नव्हती, हे त्यातल्या त्यात बरे. प्रोसेसरच्या पाठीवर ॲल्युमिनियमचे दातेरी ठोकळे आणि एक लहान पंखा असतो. पण पंखा काही बर्फ करीत नाही. तो फक्त खोलीतली हवा फिरवितो. म्हणून प्रोसेसर हा नेहमी खोलीच्या तापमानाहून ठरावीक अंशांनी वरच राहावयाचा. खोली २० अंशांवरून ४५ वर गेली की प्रोसेसरही तेवढाच वर चढतो. आणि तापला की त्याचे सूक्ष्म भाग मंदावतात. हलगी तर तितक्याच जलद वाजते आहे! कॅलिफोर्नियातल्या पोरांनी जो खेळ एअरकंडिशनच्या खोलीत मांडला होता, तो आम्ही गोंदियाच्या मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली, वाळ्याच्या कूलरसमोर मांडून बसलो होतो. दुपारी वीज गेली की कूलरही बंद. वीज आली की तापलेल्या खोलीत यंत्र पुन्हा सुरू.

यंत्र बंद पडत होते याचे मला तितके भय वाटत नव्हते. बंद पडलेले यंत्र निदान प्रामाणिक असते. ते आपल्याला जमत नाही असे सांगून मोकळे होते. खरी कनकी निघाली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात.

इटियाडोहच्या पाण्यावर अर्जुनी-मोरगावकडे उन्हाळी धान होतो. तो तेव्हा मिलवर येत होता, आणि चुकारे संगणकातून निघालेल्या यादीप्रमाणे चालले होते. एके सकाळी तिकडचे एक वयस्कर शेतकरी वजनाची चिठ्ठी घेऊन मोठेबाबांसमोर उभे राहिले. आवाज चढलेला नव्हता. "भाऊ, माजा धान नऊ क्विंटल चाळीस किलो भरला होता. तुमच्याच काट्यावर. अन् पैसे एक क्विंटल चाळीसचे."

काकांनी यादी पाहिली. १.४०. पुन्हा यादी काढली. पुन्हा १.४०. छापून आलेला आकडा, सुबक, ठसठशीत. काका त्या गृहस्थांना म्हणाले, चिठ्ठी वाचताना तुमचीच चूक होत असेल. देवनागरीतला ९ आणि १ दिसावयास सारखेच. ते काही बोलले नाहीत. त्यांनी चिठ्ठी घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि दाराकडे वळले. मी कोपऱ्यात उभा होतो. त्या पाठमोऱ्या माणसाचे आठ क्विंटल धानाचे पैसे जात होते, आणि मला पहिल्यांदाच पोटात गोळा आल्यासारखे झाले.

मोठेबाबांनी त्यांना थांबविले. रोजमेळ उघडला. वहीत त्यांच्या वळणदार हस्ताक्षरात होते : ९.४०.

ही चूक देवनागरीने केलेली नव्हती, पण नऊचा एक होण्यात तथ्य मात्र होते. संगणक प्रत्येक अक्षर आणि अंक शून्य-एकांच्या मालिकेत ठेवतो. आमच्या हिशेबाच्या फायलीत आकडेही अक्षरांसारखेच एकेक करून लिहिले जात. त्या लिपीत ९ म्हणजे ०१११००१ आणि १ म्हणजे ०११०००१. ताडून पाहा : मधल्या एका ठिकाणी एकाचे शून्य झाले की नऊचा एक होतो. कोट्यवधी ठोक्यांपैकी एका ठोक्याला एक पोर जागेवर पोहोचले नाही. यंत्र थांबले नाही, कुरकुरले नाही, आणि चुकलेला आकडा शहाण्यासारखा फायलीत लिहून मोकळे झाले. त्या रात्री मी पेटी उघडून चिकटपट्टी काढली. यंत्र पुन्हा तीनशेने धावू लागले, आणि त्यानंतर त्या हिशेबात असा आकडा कधी फिरला नाही. पण गेल्या चार महिन्यांच्या नोंदी? त्या मोठेबाबांनी आणि मी, वही आणि यादी समोरासमोर ठेवून, अकरा रात्री बसून ताडून पाहिल्या. आणखी दोन चुका सापडल्या. त्यांतली एक आमच्या फायद्याची होती, एक तोट्याची.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. लोकांची हौस अर्थात थांबली नाही. २००० साली एएमडी कंपनीच्या प्रोसेसरवर कारखान्याने तोडून ठेवलेले काही सूक्ष्म पूल साध्या शिसपेन्सिलीची रेघ ओढून जोडता येत. शिसे वीज वाहून नेते, एवढ्यावर कुलूप उघडे. २०११ साली टेक्सासातील ऑस्टिन येथे त्याच कंपनीचा एक प्रोसेसर अतिशीत द्रवाने गारठवून ८.४२९ गिगाहर्टझपर्यंत पळविला, तो त्या वेळचा विक्रम ठरला. पण स्वतः कारखानदारांनीही दरवर्षी पुली मोठी करण्याचाच सपाटा लावला होता, आणि अखेर तेही आमच्यासारखेच उष्णतेपाशी अडले. इंटेलने पेन्टियम फोर ३.८ गिगाहर्टझपर्यंत नेला, ४ चा काढू म्हणून जाहीर केले, आणि २००४ च्या ऑक्टोबरात तो बेत सोडून दिला. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका मोठ्या सभेत व्यासपीठावर चक्क गुडघे टेकून, थट्टेने का होईना, त्याबद्दल क्षमा मागितली.

मग वाट कोणती निघाली? एक हलर दुप्पट पळविण्याऐवजी दोन हलर शेजारी बसविण्याची. २००५ पासून एकाच प्रोसेसरात दोन, मग चार, मग आठ गाभे येऊ लागले. ही वाट आपल्याकडे अपरिचित नव्हती. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली होती. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, आणि एकच अतिवेगवान प्रोसेसर घडविण्याची साधने हाताशी नाहीत. तेव्हा त्यांनी इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे साधे प्रोसेसर अनेक संख्येने जोडून, कामाची वाटणी करून, १९९१ साली परम ८००० उभा केला. कोणालाही त्याच्या छापील आकड्यापुढे पळविलेले नव्हते. मी १९९९ साली हे वाचले असते तरी चिकटपट्टी लावलीच असती, हे कबूल केले पाहिजे.

आज तर गंमत आणखीच वेगळी आहे. २००८ पासून प्रोसेसर आपल्या आपण वेग वाढवितात, आणि अंग तापले की आपल्या आपण कमी करतात. मी जे चोरून केले ते आता कारखान्यातच होते. फरक एवढाच की त्यांच्याजवळ आत उष्णता मोजणारा बसविलेला आहे. माझ्याजवळ मोठेबाबा होते, आणि त्यांनी विचारले तेव्हा मी हसलो होतो.

त्या शेतकरी गृहस्थांना मोठेबाबांनी त्याच सकाळी बाकीचे पैसे मोजून दिले आणि जेवावयास ठेवून घेतले. मला पंक्तीत वाढावयास लावले. कारण कोणाला सांगितले नाही. मोठेबाबा आता नाहीत, मिलही बंद झाली. जुन्या वह्या मात्र माझ्याकडे आहेत. १९९९ च्या रोजमेळात त्या नोंदीपाशी समासात त्यांनी शाईने लिहिले आहे, "यंत्रात ९ चा १ झाला. रक्कम दिली." आणि खाली, पिवळा पडलेला, तांदळाच्या दाण्याएवढा चिकटपट्टीचा तुकडा डकवलेला आहे.